कळस, पेव आणि आमची बूम लिफ्ट

आमच्या यंत्राला लोक क्रेन म्हणतात. कितीदा सांगितलं तरी क्रेनच. क्रेन सामान उचलते, बूम लिफ्ट माणूस उचलते, एवढा साधा फरक आहे. पण फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आक्का, तुमची क्रेन मोकळी हाय काय?" मी म्हणते, "क्रेन आमच्याकडं न्हाई." पलीकडून हसतात. "अवो तीच ती, जिराफासारखी." जिराफ म्हटलेलं मला चालतं. जिराफाच्या मानेला हूक लावून पाण्याची टाकी उचला, असं निदान कुणी म्हणत नाही.

वडगावात आमच्या घरी माग होते. साड्यांना गिऱ्हाईक होतं तोवर ते धडधडले, मग एकेक थांबत गेले, मग आम्ही ते काढून टाकले. धाकटा भाऊ मागांची दुरुस्ती करायचा, मी गिऱ्हाइकं सांभाळायची. माग गेल्यावर दोघांनी मिळून एक वापरलेली बूम लिफ्ट घेतली. कॉलेजांच्या काचा, चौकातले फलक, कारखान्यांच्या शेडचे पत्रे, जिथं शिडी पुरत नाही आणि परांची बांधायला वेळ नसतो तिथं आम्हाला बोलावतात. भाऊ वर जातो, मी खाली उभी राहते. खाली उभं राहणं हेही काम आहे, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाला पटलेलं नाही. "आक्का, तुम्ही सावलीला बसा की," म्हणतात. मी सावलीला बसले आणि वर काही अडलं, तर खालच्या पॅनेलवरून त्याला उतरवणार कोण?

हे यंत्र समजायला अवघड नाही. आपला हात पुढे धरा. खांदा, कोपर, मनगट. खांदा गाडीवर बसवलेला असतो आणि गरागरा फिरतो. कोपर मोडतं, म्हणून मध्ये भिंत असो, पत्रा असो, झाड असो, हात त्याच्या वरून जाऊन पलीकडे खाली येऊ शकतो. सरळ शिडीला हे जमत नाही. शिवाय हा हात दुर्बिणीसारखा आत-बाहेरही सरकतो. मनगटाच्या टोकाला बास्केट असते, त्यात माणूस उभा राहतो आणि तिथूनच सगळं चालवतो. पायाखाली एक पेडल असतं. ते दाबून धरलं तरच यंत्र हलतं, पाय काढला की जागच्या जागी थांबतं. कमरेच्या पट्ट्याचा हूक बास्केटलाच अडकवायचा, बाहेर कशालाही नाही. कठड्यावर चढायचं नाही. संपलं. ही गोष्ट चौथीतल्या मुलाला कळते. कमिटीला कळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र थोडी डोकं लावून समजून घ्यावी लागते. हात जवळ असतो तेव्हा वजन चारी चाकांवर सारखं असतं. हात लांब गेला की सगळा भार त्या बाजूच्या एका चाकावर येतो. डोक्यावर घागर घेऊन उभं राहणं वेगळं आणि तीच घागर हात लांब करून धरणं वेगळं. म्हणून मी कुठंही गेले की पहिल्यांदा वर बघत नाही, खाली बघते. पहार आपटते, चाकांखाली जाड फळ्या घालते, आणि विचारते, "हितं खाली काय हाय?" टाकी, गटार, जुनी विहीर, काहीही असतं. लोकांना वाटतं बाईला वहीम आहे.

भावाचा स्वभाव उलटा. यंत्र तो माझ्यापेक्षा चांगलं चालवतो, पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. कुणी म्हणालं, "अण्णा, जरा मला बी वर ने की, एक फोटो काढतो," की हा पट्टा शोधायला लागतो. म्हणून किल्ली माझ्याकडे असते. गिऱ्हाईक ऐकेनासं झालं की मी किल्ली काढते, कमरेला खोचते आणि चहा प्यायला जाते. भावाला ते अजिबात आवडत नाही. "आक्का, असं किल्ली काढून चालू पडतीस, लोकं नाराज हुतात गं." नाराज लोक घरी जाऊन जेवतात. पडलेला माणूस जेवत नाही.

तर संकेश्वरहून आत, उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथल्या ग्रामदेवाच्या देवळाचा कळस नवा करून घेतला होता. यात्रा तोंडावर आली होती. शिखराचं टोक दुरुस्त करायचं, त्यात कळसाचा लोखंडी दांडा पक्का करायचा, रंगाचा हात मारायचा आणि मग ठरल्या मुहूर्तावर कळस चढवायचा, एवढं काम. मी आधी एकटी जाऊन जागा बघून आले. देवळासमोर रस्ता होता, चांगला कठीण, सपाट. रस्ता आणि शिखर यांच्या मध्ये सभामंडप. मंडपाच्या दर्शनी भिंतीवर सिंह, मोर, द्वारपाल, हत्ती अशी उंच सिमेंटची जत्रा भरवलेली. ठीक आहे, त्यासाठीच आमच्या गाडीला कोपर आहे. रस्त्यावर उभी करायची, मंडपावरून हात न्यायचा, पलीकडे शिखरापाशी बास्केट उतरवायची.

कामाच्या दिवशी सकाळी गाडी उतरवली, फळ्या घातल्या, भाऊ पट्टा बांधून तयार झाला. चपला त्यानं देवळाच्या पायरीशी काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, बूट घाल. तो म्हणाला, शिखराला बूट घालून जाऊ व्हय? यावर मी वाद घातला नाही. दिवसभराचे वाद पुढे होते.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आले. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणत होतं, मीही आप्पाच म्हटलं. त्यांनी हात कपाळावर धरून वर बघितलं आणि विचारलं, "आक्का, तुमची ही गाडी वरनं जाणार?"

"वरनंच जाणार आप्पा. मधी मंडप हाय. मंडपातनं कशी जाईल?"

"म्हंजे माणूस कळसाच्या वर जाणार?"

"कळस कुठाय वर? कळस गाभाऱ्यात पाटावर बसलाय. मघाशीच त्याला हळदकुंकू लावून आले मी."

"कळस नसूं दे. जागा तर कळसाचीच हाय न्हवं? त्याच्या वर माणसाचा पाय जाऊन चालायचं न्हाई."

आता या रीतीला माझा विरोध नाही. मीही देवळाच्या माळ्यावर चढत नाही. पण रीत कुठं लागू होते आणि कुठं होत नाही, हे ज्याच्या त्याच्या सोयीनं ठरत असेल तर मला राग येतो. मी विचारलं, "आन् गेल्या साली शेजारच्या गावात हेलिकॉप्टर आणून कळसावर फुलं टाकली, ती कुठनं टाकली? खालनं?"

"ती फुलं व्हती. ह्यो माणूस हाय."

"हेलिकॉप्टर फुलंच चालवत हुती काय?"

चार-पाच जण हसले. आप्पा हसले नाहीत. मी परांचीचं काढलं. मागच्या खेपेला परांचीवर चढून गवंड्यानं गिलावा केला होता, त्याचं डोकं कळसाच्या वर नव्हतं? यावर आप्पांनी शांतपणे सांगितलं, "त्यो आपल्या गावचा हुता. देवाला ठावं हाय त्यो."

माझा हात किल्लीकडे गेला, तेवढ्यात भाऊ मध्ये आला. "आक्का, मागनं घेऊया की. मागं जागा हाय. शिखर जवळ पडतंय, बास्केट खालनंच वर नेतो, कळसाच्या जागंच्या खालीच ठेवतो. काय बिघडतंय?"

आप्पांचा चेहरा खुलला. "बघा. अण्णांना कळतंय."

अण्णांना कळत होतं ते एवढंच, की समोरचा माणूस खूश झाला पाहिजे.

देवळाच्या मागे एक चौक होता, एका बाजूला घरं, एका बाजूला गुरवाचं अंगण. नुकतंच काँक्रीट केलेलं, पांढरं, गुळगुळीत. गाडी तिकडे वळवून आणण्यात निम्मी सकाळ गेली, कारण आधी दोन मोटरसायकली, मग उसाची एक ट्रॉली आणि मग ट्रॉलीचा मालक, असं एकेक हलवावं लागलं. मी पहार काढली. आप्पा धावत आले.

"आक्का, पहार नको! काँक्रीट नवीन हाय. आमदारांच्या हातनं उद्घाटन व्हायचंय अजून. खड्डा दिसला तर काय म्हणतील?"

"गाडी उभी राहून फुटलं तर काय म्हणतील?"

"न्हाई फुटत. लई जाड घातलंय."

"खाली काय हाय?"

"काय न्हाई. जमीन हाय."

मी गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, घट्ट हाय. ट्रॉलीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माझी भरलेली ट्रॉली रोज उभी असते की हितं. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. तेही म्हणाले, घट्ट हाय पोरी, जन्म गेला आमचा हितं. एका सुरात, एका दमात. इतकी एकवाक्यता त्या गावात दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर असेल असं मला वाटत नाही.

मी एक काम केलं. रस्त्यावर एकेरी घातल्या होत्या त्या फळ्या इथं दुहेरी घातल्या, आडव्या आणि त्यावर उभ्या. आप्पा म्हणाले, "एवढं कशाला?" भावाचा पट्टा मी स्वतः बास्केटच्या कड्याला अडकवला आणि ओढून बघितला. "आक्का, मी काय ल्हान हाय व्हय?" तो म्हणाला. त्याच्या मुलाच्या मुंजीला मी नऊवारी नेसले होते. लहान नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच अडकवला.

बास्केट शिखराच्या कडेनं वर गेली. गाव खाली माना वर करून उभं. भाऊ दिलेल्या शब्दाला जागला, बास्केट टोकाच्या बरीच खाली थांबवली. आता दांडा बसवायचा तर दोन्ही हात डोक्याच्या वर, पहारेसारखा जड दांडा, मान मागे मोडलेली. असं काम किती वेळ होणार? तिथं वरून काम केलं असतं तर दांडा छातीशी आला असता. मी खालून बघत होते आणि मला कळत होतं की आता हा काय करणार. त्यानं तेच केलं. डावा पाय उचलून कठड्याच्या मधल्या दांडीवर ठेवला.

"पाय खाली!" मी ओरडले.

"थोडंच राह्यलंय गं!"

"पाय खाली घे म्हणते न्हवं? न्हाईतर हितनं उतरवीन!"

तेवढ्यात गुरव मला म्हणाला, "आक्का, देवळाजवळ जरा हळू बोला." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. भावानं पाय खाली घेतला. पुटपुटत का होईना, घेतला. आणि तो पुन्हा दोन्ही पायांवर उभा राहतोय न राहतोय तोच खालून एक आवाज आला. फुटण्याचा नाही. भाकरी तव्यावर फुगून मग बसते तसा, दबका, आतला. शिखराकडच्या बाजूचं पुढचं चाक फळ्यांसकट खाली बसलं. फार नाही, वीतभर. गाडी कलली आणि तिचा अलार्म कोकलायला लागला.

खालचा वीतभर कल वर गेल्यावर वीतभर राहत नाही. बास्केट झोपाळ्यासारखी बाजूला झुकली आणि भाऊ कठड्यावर आदळला. दांडा त्याच्या हातातून सुटून शिखराच्या उतारावरून घरंगळत गुरवाच्या अंगणात पडला. मघाचा पाय अजून दांडीवर असता तर भाऊही दांड्याच्या मागोमाग आला असता. पट्ट्यानं धरलं असतं, पण पट्ट्याला लोंबकळणाऱ्या माणसाचं वजन पुन्हा त्याच बाजूला, त्याच चाकावर.

आणि तेव्हा, बरोबर तेव्हा, सगळ्या गावाला आठवलं.

"आरं, हितं पेव हुतं की!"

"व्हय की! गुरवाचं पेव!"

"गुरवाचं कुठलं? आमच्या आज्ज्याचं. गुरवाचं त्या कोपऱ्यात."

"दोन्ही हितंच हुती. जोंधळं असायचं आत."

पेव म्हणजे जमिनीत खोदलेली धान्याची कोठी. तोंड अरुंद, आत पोट रांजणासारखं मोठं. आमच्या भागात जुन्या गावांतून देवळापाशी, चौकात अशी पेवं असायची. धान्य त्यात वर्षानुवर्षं राहायचं. मग गोदामं आली, पोती आली, पेवं रिकामी झाली. तोंडावर दगड ठेवला, त्यावर माती पडली, त्यावर पोरं खेळली, आणि शेवटी त्यावर काँक्रीट पडलं. दगड काढून आत भर घालावी असं कुणाला वाटलं नाही, कारण खाली काय आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट सांगायची कशाला?

ओट्यावरचे म्हातारे आता उठून उभे राहिले होते आणि कुणाच्या पेवात जास्त धान्य मावायचं यावर त्यांची जुंपली होती. माझा भाऊ वर तिरका लटकलेला आणि खाली हे. वर तो नेमकं चुकीचं करायला निघाला होता, हे मला त्याच्या हातावरून दिसत होतं. खचलेल्या बाजूपासून दूर जायचं म्हणून तो यंत्राचा हात आडवा फिरवणार होता. कुणालाही तेच सुचेल. पण फिरवला की भार एका चाकावरून दुसऱ्यावर धावतो, आणि दुसऱ्या चाकाखाली दुसरं पेव होतं की नव्हतं, यावर अजून वाद चालू होता.

"गप्प बसा सगळे!" मी म्हटलं. कसं म्हटलं ठाऊक नाही, पण अलार्म सोडून सगळं गप्प झालं. गुरवानंही देवळाजवळ हळू बोलायला सांगितलं नाही.

"पाय काढ पेडलवरनं," मी भावाला ओरडले. "काढलास?"

"काढला."

"फिरवू नगंस. खाली बी घेऊ नगंस. आधी हात आत ओढून घे. नुसता आत. कळलं?"

"खाली न्हाई?"

"न्हाई रं! खाली आणलास तर आधी लांब जाईल. आत घे आधी."

त्यानं पेडल दाबलं. हात इंचाइंचानं आत यायला लागला. भार जसा जवळ आला तसं चाक आणखी खचायचं थांबलं. मी चाकाकडे बघत होते, वर नाही. फळ्या कण्हत होत्या, पण त्यांनी त्या भोकाच्या तोंडावर गाडी धरून ठेवली होती. वरची एक मोडली होती, खालच्या शाबूत होत्या. हात पुरता आत आल्यावर मी खालच्या पॅनेलवरून कोपर दुमडत त्याला उतरवलं. बास्केट टेकली. भाऊ हूक काढायला गेला आणि त्याला तो निघेना. मी काढला.

"लागलं काय?"

"कोपराला जरा."

"बरं झालं."

आप्पा जवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण नजर काँक्रीटकडे होती. "तडा गेला की हो," ते म्हणाले.

मी किल्ली काढली आणि कमरेला खोचली. चहा प्यायला गेले नाही. तिथंच उभी राहिले. "आप्पा, तुमचे आज्जे पेवात उतरायच्या आधी काय करायचे?"

उत्तर ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं दिलं. "कंदील सोडायचे दोरीनं. कंदील विझला तर आत माणूस न्हाई सोडायचा. वारं खराब असतंय आतलं."

"म्हंजे ठावं हाय तर. माणूस खाली सोडायचा तर आधी बघायचं. आन् वर सोडायचा असंल तर इचारलेलं बी सांगायचं न्हाई?"

मला वाटलं, आता निदान या माणसांना लाज वाटेल. ट्रॉलीवाला म्हणाला, "पर माझी ट्रॉली कशी न्हाई खचली?" मी त्याला घागरीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काही वेळा श्वास वाचवलेला बरा.

ट्रॅक्टरला साखळी लावून गाडी त्या कोपऱ्यातून ओढून काढायला दुपार गेली. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, कारण उतरल्या उतरल्या मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं की पाय दांडीवर कुणाला विचारून ठेवलास. त्याला रुसायला वेळ होता आणि मला समजूत काढायला नव्हता. मी आप्पांना सांगून टाकलं, आता दोनच वाटा. समोरच्या रस्त्यावरून, मंडपाच्या वरून, जसं पहिल्यांदा ठरलं होतं तसं. नाहीतर परांची बांधा आणि तुमच्या गावचा गवंडी चढवा, देवाला ठाऊक असलेला.

कमिटी देवळात बसली. बराच वेळ बसली. मी पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. शेवटी आप्पा बाहेर आले, टोपी नीट केली आणि गंभीरपणे म्हणाले, "आक्का, आम्ही सगळा इचार केला. आता असं बघा, कळस काय अजून वर न्हाई. कळस गाभाऱ्यात हाय. तवा वरनं गेलं तरी कळसाच्या वर गेलं असं काय हुत न्हाई."

मागून गुरव मान डोलावत होता. "बरोबर हाय. आप्पांनी मुद्द्याचं काढलं."

सकाळी हेच वाक्य मी बोलले होते. याच पायरीवर. भावानं माझ्याकडे बघितलं, दुपारपासून पहिल्यांदाच, आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या लक्षात आलं ते बरं झालं." काम होत असेल तर वाक्य कुणाचं का असेना.

समोरून ते काम सरळ झालं. कोपर मंडपावरच्या मोरावरून गेलं, बास्केट पलीकडे उतरली, दांडा छातीशी आला. मुहूर्ताच्या दिवशी कळसही तसाच चढला. बास्केटमध्ये दोनच माणसं मावतात हे पटवण्यात माझी सकाळ गेली, कारण आप्पा, गुरव, कळसाचे देणगीदार आणि फोटोवाला अशा सगळ्यांना वर जायचं होतं. गुरव गेला. कळस बसल्यावर भावानं बास्केट आधी कळसाच्या खाली घेतली, मग आडवी बाजूला काढली आणि मगच वळवली, म्हणजे बसलेल्या कळसावरून काही जाणार नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी सांगितलं नव्हतं. थोडा जास्त वेळ लागला, पण ते मला मान्य होतं.

यात्रेचं आमंत्रण आलं. भावाला जायचंच होतं, मी त्याच्याबरोबर गेले. त्याचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फेटा. आप्पांनी भाषणात कळस कसा चढला ते सांगितलं, त्यात पेव आलं नाही. माझी ओटी भरली आणि एक बाई म्हणाली, "तुमी बी आलता न्हवं त्या दिवशी?" मी म्हटलं, "आलते की. खाली उभी हुते."

जेवायला मागच्या चौकात जायचं होतं. गुरवाच्या अंगणात पंगत होती. कोपऱ्यावरून वळले आणि बघितलं, तर तड्यावर सिमेंटचा हात फिरवून तो बुजवला होता. आत भर घातली होती का, हे विचारायचीही गरज नव्हती; फिरवलेला सिमेंटचा हात रांगोळीच्या रेघेएवढा होता. आणि त्याच कोपऱ्यात, बरोबर त्यावर, जनरेटरचा ट्रक उभा होता. धडधडत, अख्खा चौक हलवत. ट्रकाला टेकून पोरंटोरं बर्फाचे गोळे खात होती.

मी ओरडायला श्वास घेतला. पण भाऊ आधीच तिथं पोचला होता, डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल. ड्रायव्हर ट्रकाच्या सावलीत बसून तंबाखू मळत होता.

"अण्णा, गाडी जरा रस्त्यावर घेता काय?" भाऊ हात जोडून म्हणत होता. "खाली पेव हाय. पोकळ हाय हितं."

"काय न्हाई हुत," ड्रायव्हर म्हणाला. "मला हितंच लाव म्हणाल्यात. घट्ट हाय म्हणं."

"न्हाई, पर जरा…"

"जेवणं झाल्यावर बघूया की अण्णा."

भाऊ दोन पावलं मागे आला. मला वाटलं, झालं, आता हा "बरं बरं" म्हणणार. त्यानं आधी पोरांना हाकललं. मग शाल सावरली, ट्रकाच्या दाराशी गेला, आत हात घातला आणि किल्ली काढली. जनरेटरची नाही, ट्रकाची. धडधड चालूच राहिली. किल्ली त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकली, वर शाल ओढली आणि वळून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"ओ अण्णा! ओ! किल्ली कुठं नेताय?" ड्रायव्हर तंबाखू टाकून उठला.

"रस्त्यावर लावताय काय सांगा, मग देतो," भाऊ रांगेतून म्हणाला. आवाज चढवला नाही, मागेही बघितलं नाही.

लोक नाराज झाले. आप्पाही आले, म्हणाले, अण्णा, तुमी तर असं न्हवता. मी पंगतीला जाऊन बसले. ट्रक हलल्यावरच पानं वाढली, तेवढा उशीर झाला.